पेशीच्या पटलातून काय जातं, काय अडतं: बटाटा, बीट, कांदा आणि द्राक्षांवर कसं तपासावं

पाण्यात टाकलेला मनुका फुगतो, हा प्रयोग शाळेत बहुतेकांनी केलेला असतो. नाशिकमध्ये तर मनुक्यांना तोटा नाही. पण पेशीचं पटल, म्हणजे पेशीभोवतीचं पातळ आवरण, समजून घ्यायला मनुका हे फार वाईट उदाहरण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. द्राक्ष वाळता वाळता त्याच्या पेशी मरतात, पटलं फाटतात. पाण्यात मनुका फुगतो तो आतल्या साखरेच्या ओढीने आणि बाहेरच्या सालीच्या आधाराने. जिवंत पटलाचा त्यात हात नसतो म्हटलं तरी चालेल. म्हणजे मुलं ज्याचा अभ्यास करायला बसली, नेमकं तेच त्या वाटीत नाही.

पटलाचं काम बघायचं तर जिवंत पेशी घ्यायला हवी, आणि तिच्या शेजारी तीच पेशी मारून ठेवायला हवी. दोघींच्या वागण्यात जो फरक दिसेल, ते पटलाचं काम. बटाटा, बीट, लाल कांदा आणि द्राक्षाचा छोटा घड एवढ्यावर हे सगळं घरी करता येतं. आठवी ते दहावीच्या मुलांना शनिवार-रविवार पुरतो. अकरावी-बारावीवाल्यांनीही करावं, कारण त्यांना व्याख्या पाठ असतात आणि मिठात बुडवलेली फोड का लोळागोळा होते हे मात्र सांगता येत नाही.

सुरू करण्याआधी तीन प्रश्न

कुठलाही पदार्थ पटलापाशी आला की हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारा. तो कुठल्या बाजूला जास्त आहे आणि कुठल्या बाजूला कमी? त्याला पटलातून जायला वाट आहे का? आणि त्याला कमीकडून जास्तीकडे, म्हणजे चढाने जायचं असेल, तर त्याची ऊर्जा कोण भरतंय?

दुसऱ्या प्रश्नासाठी पटल कसं बनलंय ते थोडं माहीत हवं. ते असतं जेमतेम सात-आठ नॅनोमीटर जाड. अशी दहा हजार पटलं एकावर एक रचली, तर कुठे डोक्याच्या केसाएवढी जाडी होईल. त्यात स्निग्ध रेणूंचे दोन थर असतात. त्यांची पाण्याला धरून राहणारी डोकी बाहेरच्या बाजूंना आणि पाण्याला टाळणाऱ्या शेपट्या आत, एकमेकींकडे तोंड करून. या थरांत प्रथिनं रुतलेली असतात आणि ती जागच्या जागी खिळलेली नसतात, सरकत असतात. हे चित्र सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ मध्ये मांडलं आणि थोड्याफार दुरुस्त्यांसह ते आजही टिकून आहे.

यावरून वाटा कळतात. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, अल्कोहोल असे लहान किंवा स्निग्धात मिसळणारे रेणू थेट थरातूनच जातात. सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड यांच्यावर विद्युतभार असतो, त्यामुळे तो तेलकट मधला भाग त्यांना ओलांडता येत नाही. त्यांना प्रथिनांचे खास मार्ग लागतात. ग्लुकोजलाही वाहून नेणारं प्रथिन लागतं. पाण्याचं जरा गमतीचं आहे. ते थरातून थोडं थोडं झिरपतं, पण पेशींमध्ये पाणी जितक्या झपाट्याने हलतं तितकं नुसत्या झिरपण्याने शक्य नव्हतं, आणि हे कोडं बरीच वर्षं तसंच होतं. १९९२ मध्ये पीटर आग्रे यांच्या प्रयोगशाळेने पाण्याचे स्वतंत्र मार्ग दाखवून दिले. त्यांना अ‍ॅक्वापोरिन म्हणतात. अशा एका मार्गातून सेकंदाला अब्जावधी पाण्याचे रेणू जातात, आणि मीठ मात्र बाहेरच राहतं. २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल आग्रे यांना याच कामासाठी मिळालं.

काय जमवायचं

दोन मोठे बटाटे, एक बीट, दोन-तीन लाल कांदे, द्राक्षं, साधं मीठ, साखर, सारख्या मापाचे सात-आठ ग्लास, सुरी, पट्टी, कागदी रुमाल. वजनकाटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. सराफ बाजारातल्या काट्याइतका नाजूक नको, पण स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅमने उडी मारणाराही उपयोगाचा नाही.

नळाचं पाणी चालतं. गंगापूर धरणाच्या पाण्यातले क्षार बटाट्याच्या आतल्या रसापुढे नगण्य असतात. बोअरचं पाणी मात्र टाळा. फारच काटेकोर व्हायचं असेल तर गॅरेजवाल्याकडून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा.

कांदा घेताना ‘लाल’ मागा, उन्हाळ नको. लासलगावच्या लिलावात हे दोन वेगळे माल आहेत आणि आपल्यालाही फरक पडतो. आपल्याला गडद जांभळट रंगाची पापुद्री साल हवी आहे, उन्हाळ कांद्यात ती फिकी निघते. सूक्ष्मदर्शक शाळेचा मिळाला तर उत्तम. मनू प्रकाश यांनी बनवलेला कागदी फोल्डस्कोपही पुरतो.

पायरी १: विसरण, झटपट

दोन काचेचे ग्लास, एकात गार पाणी, एकात गरम. पाणी पूर्ण स्थिर झालं की खाण्याच्या रंगाचा एकेक थेंब अलगद सोडा. हलवू नका. गरम पाण्यात रंग लवकर पसरतो. जास्तीकडून कमीकडे, कुणी न ढकलता, नुसत्या रेणूंच्या धडपडीने होणारी ही हालचाल म्हणजे विसरण. ग्लासात पाण्याचे प्रवाहही मदत करतात, त्यामुळे हे निखळ विसरण नाही, पण कल्पना येते.

इथे एक हिशेब मुलांकडून जरूर करून घ्या. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या पटीत वाढतो. लहान रेणूला पाण्यात पेशीएवढं, म्हणजे एका मिलिमीटरचा शंभरावा भाग इतकं अंतर कापायला सेकंदाचा विसावा भाग पुरतो. एक सेंटिमीटरला साधारण चौदा तास. दहा सेंटिमीटरला जवळपास दोन महिने! पेशी लहान का असतात आणि मोठ्या प्राण्याला हृदय आणि रक्तवाहिन्या का लागतात, हे या तीन आकड्यांत आलं.

पायरी २: बटाटा, आणि तो नीट

हा या सगळ्याचा गाभा. इथे घाई करू नका.

बटाटा सोला. सालीतून पाणी जवळजवळ जात नाही, म्हणून ती पूर्ण काढा. एकाच बटाट्याच्या पाच सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर जाड-रुंद कांड्या कापा. अशी एक कांडी पाच-साडेपाच ग्रॅम भरते. एका ग्लासात तीन, असे पाच ग्लास म्हणजे पंधरा कांड्या. एका बटाट्यातून एवढ्या निघाल्या नाहीत तर दोन्ही बटाट्यांच्या कांड्या प्रत्येक ग्लासात सारख्या वाटा. सगळ्या एका ग्लासात याच्या आणि दुसऱ्यात त्याच्या असं नको.

ग्लासात प्रत्येकी २०० मिलिलिटर पाणी. पहिल्यात मीठ नाही. दुसऱ्यात १ ग्रॅम, म्हणजे अर्धा टक्का. तिसऱ्यात २ ग्रॅम, एक टक्का. चौथ्यात ४ ग्रॅम, दोन टक्के. पाचव्यात १० ग्रॅम, पाच टक्के. मीठ पूर्ण विरघळू द्या आणि ग्लासांवर चिठ्ठ्या लावा, कारण दिसायला पाचही सारखेच.

आता प्रत्येक ग्लासाच्या तीन कांड्या कागदी रुमालाने टिपून एकत्र वजन करा, लिहा आणि बुडवा. ग्लास झाका. दोन तासांनी काढा, टिपा, पुन्हा वजन करा. टिपताना हात सारखा ठेवा. या प्रयोगातली बहुतेक गडबड टिपण्यातच होते. एका ग्लासाच्या कांड्या दाबून पुसल्या आणि दुसऱ्याच्या नुसत्या ओझरत्या, तर अर्धा ग्रॅम तिथेच गेला. म्हणून हे काम एकाच माणसाने करावं, घरातल्या सगळ्यांनी हौसेने वाटून घेऊ नये.

वजनातला फरक टक्क्यांत काढा. समजा कांड्या १६ ग्रॅमच्या १७.२ झाल्या, तर वाढ १.२, म्हणजे साडेसात टक्के. १६ च्या १३.६ झाल्या तर घट पंधरा टक्के. आलेख कागदावर आडवं मिठाचं प्रमाण, उभा वजनातला फरक, मध्ये शून्याची रेघ. साध्या पाण्यातला ठिपका रेघेच्या वर येईल, पाच टक्क्यांचा बराच खाली. ठिपके जोडणारी रेघ शून्याला जिथे छेदते, तिथलं मिठाचं पाणी आणि बटाट्याच्या पेशीतला रस तुल्यबळ. तिथे पाणी आत जितकं जातं तितकंच बाहेर येतं. पाठ्यपुस्तक याला समपरासारी द्रावण म्हणतं. छेद बहुधा एक टक्क्याच्या आसपास येतो. तुमचा थोडा वेगळा आला तर घाबरू नका. बटाटा शीतगृहात राहिलेला असेल तर त्यातल्या काही पिष्टाची साखर झालेली असते, आणि मग छेद उजवीकडे सरकतो.

वजनाआधी एक चाचणी हाताने करा. कांडी दोन्ही टोकांना धरून वाकवा. साध्या पाण्यातली ताठ असते, जोर लावला की कट्‌कन मोडते. पाच टक्क्यांतली वाकते, मोडत नाही.

काय झालं ते आता तीन प्रश्नांनी सोडवा. पाचव्या ग्लासात मीठ बाहेर जास्त, म्हणून ते आत जायला हवं. पण त्याला सहज वाट नाही. पाण्याला आहे. ज्या बाजूला विरघळलेले पदार्थ जास्त त्या बाजूला पाण्याचं प्रमाण कमी, म्हणून पाणी पेशीतून बाहेर पडतं. मीठ अडतं आणि पाणी जातं, या दोन्ही गोष्टी एकदम झाल्या तरच परासरण, म्हणजे पटलातून होणारी पाण्याची ही हालचाल, दिसतं. पटलाने मिठालाही मोकळी वाट दिली असती, तर मीठ आत शिरून दोन्ही बाजू सारख्या झाल्या असत्या आणि कांडी मऊ पडलीच नसती.

साध्या पाण्यातली कांडी फुगून फुटली का नाही? कारण वनस्पतीच्या पेशीला पटलाबाहेर भित्तिका, म्हणजे एक टणक भिंत असते. आत शिरणारं पाणी पटलाला भित्तिकेवर दाबतं, भित्तिका उलट रेटते, आणि एका क्षणी दोन्ही जोर समान होतात. भाजीची टवटवी म्हणतात ती हीच. कोमेजलेल्या मेथीच्या जुडीचे देठ पाण्यात ठेवून आपण तेच परत मिळवतो. आपल्या रक्तातल्या लाल पेशींना भित्तिका नसते. त्या साध्या पाण्यात पडल्या तर फुगून फुटतात. म्हणून सलाइनच्या बाटलीत ०.९ टक्के मीठ असतं. बटाट्याचा छेदही त्याच्या शेजारीच पडतो हा निव्वळ योगायोग, त्यातून काही गूढ अर्थ काढायला जाऊ नका.

पायरी ३: तोच बटाटा, पण मेलेला

हा भाग लोक सोडून देतात, आणि तो सोडला तर वरचं सगळं अर्धं राहतं. त्याच मापाच्या सहा कांड्या उकळत्या पाण्यात चार मिनिटं ठेवा, गार करा, टिपा, वजन करा. तीन साध्या पाण्यात, तीन पाच टक्क्यांच्या पाण्यात, दोन तास.

वजन थोडंफार हलेल, कारण शिजलेलं पिष्ट पाणी धरतं. पण कितीही वेळ साध्या पाण्यात ठेवली तरी ही कांडी ताठ होणार नाही. पाणी होतं, भित्तिका होती, आत विरघळलेले पदार्थही होते. मीठ अडवणारं आणि आतला दाब धरून ठेवणारं पटल तेवढं उरलं नव्हतं. कच्च्या आणि उकडलेल्या अशा दोन कांड्या मुलाच्या हातात देऊन ‘यात काय नाही?’ एवढंच विचारा आणि गप्प बसा.

पायरी ४: पटल कधी फाटतं

बिटाचा लाल रंग पेशीच्या आतल्या मोठ्या रिक्तिकेत, म्हणजे रसाने भरलेल्या पिशवीत, साठलेला असतो. बाहेर येण्यासाठी त्याला रिक्तिकेचं पटल आणि पेशीचं पटल अशी दोन पटलं ओलांडावी लागतात. म्हणून बीट हा पटलाच्या तब्येतीचा फार चांगला साक्षीदार आहे.

बिटाचे एक सेंटिमीटरचे तुकडे करा आणि पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. कापताना चिरलेल्या पेशींचा रंग निघून गेला पाहिजे. चार ग्लास घ्या. तापमापक नसेल तर पाणी असं मिसळा: पहिल्यात नुसतं नळाचं. दुसऱ्यात एक वाटी उकळतं आणि दोन वाट्या नळाचं, म्हणजे पन्नास अंशांच्या आसपास. तिसऱ्यात निम्मं निम्मं, साठीच्या घरात. चौथ्यात दोन वाट्या उकळतं आणि एक नळाचं, सत्तरच्या वर. (नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच, त्यामुळे आपलं पाणी शंभरऐवजी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. इथे त्याने काही बिघडत नाही.) प्रत्येकात तीन-तीन तुकडे टाका, पाच मिनिटं थांबा. गरम पाणी मोठ्यांनी ओतावं.

पहिले दोन ग्लास फिकेच राहतात. साठीच्या घरात रंग उतरू लागतो, चौथ्यात पाणी लालभडक. उष्णतेने पटलातली प्रथिनं उलगडून निकामी होतात आणि स्निग्ध थरही विस्कळीत होतो. आणखी एक तुकडा हात धुवायच्या सॅनिटायझरमध्ये टाका. तिथे अजिबात उष्णता नसूनही रंग येतो, कारण अल्कोहोल त्या स्निग्ध थरातच घुसतं. एक तुकडा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून सकाळी बशीत वितळू द्या. बर्फाच्या स्फटिकांनी पटलं फाडलेली असतात, बशीत लाल थारोळं साचतं. गोठवलेली भाजी वितळल्यावर लिबलिबीत का होते, याचंही उत्तर त्याच बशीत आहे.

पायरी ५: कांद्यात डोळ्यांनी

लाल कांद्याच्या जाड पाकळीच्या बाहेरच्या, जांभळ्या बाजूवर सुरीने नखाएवढा चौकोन आखा आणि चिमट्याने पापुद्रा सोला. काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरा, आच्छादन काच ठेवा. पापुद्रा दुमडला तर काही दिसत नाही, दुसरा काढा. कांदा स्वस्त असेल त्या आठवड्यात हा प्रयोग ठेवलेला बरा.

पेशी विटांच्या बांधकामासारख्या दिसतील, आतून काठोकाठ जांभळ्या. आता आच्छादन काचेच्या एका कडेला आठ-दहा टक्के मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवा आणि समोरच्या कडेला कागदी रुमालाचं टोक टेकवा. रुमाल पाणी ओढून घेतो, मिठाचं पाणी काचेखाली सरकतं. काही मिनिटांत जांभळा भाग कडांपासून सुटून आत गोळा होऊ लागतो. भित्तिका जागच्या जागी, आतला गोळा आक्रसलेला. हे रसाकुंचन.

इथे थांबून दोन गोष्टी बघा. जांभळा रंग बाहेर सांडलेला नाही, उलट गडद झालाय. म्हणजे पटल शाबूत आहे. आणि भित्तिका व आक्रसलेलं पटल यांच्यामध्ये जी रिकामी दिसणारी जागा आहे, ती रिकामी नाही. तिथे मिठाचं पाणी आहे, कारण भित्तिका मीठ अडवत नाही. परीक्षेत हा प्रश्न येतो आणि निम्मी मुलं ‘हवा’ लिहितात.

मग साधं पाणी त्याच पद्धतीने आत सोडा. फार उशीर केला नसेल तर गोळा पुन्हा फुलून भित्तिकेला टेकतो. उकळत्या पाण्यात बुडवलेल्या पापुद्र्यावर यातलं काहीही होत नाही, तोही करून बघा.

पायरी ६: द्राक्ष आणि अवकाळी

निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदाराला परासरण शिकवायची गरज नाही. काढणीला आलेल्या घडावर पाऊस पडला की मणी तडकतात, हे त्याला तोंडपाठ असतं. पिकलेल्या मण्यात १८ ब्रिक्स, म्हणजे रसात साधारण १८ टक्के साखर धरली, तर नुसत्या कागदावरच्या हिशेबाने त्याच्या आणि पावसाच्या पाण्यामध्ये पंचवीस वातावरणांच्या, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या पंचवीसपटीच्या, आसपास परासरण दाब निघतो. मोटारीच्या टायरमध्ये जेमतेम दोन-सव्वादोन असतो. प्रत्यक्षात मण्यातल्या पेशींना एवढा ताण सोसावा लागत नाही, कारण पिकताना पेशींच्या बाहेरच्या जागेतही साखर साठते. सालीवरचा मेणाचा थरही पाणी बराच अडवतो. तरीही पाणी सालीतून आणि मुळांवाटे देठातून येत राहतं, आणि साल कुठेतरी हार मानते. हाच मेणाचा थर बेदाणा करताना नको असतो. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, मेण सैल होतं आणि पाणी लवकर उडतं.

घरी करायचं ते सोपं. देठाचं टोक राहील असे मणी कात्रीने कापा. ओढून काढले तर देठाजागी भोक पडतं आणि सगळा हिशेब बिघडतो. दहा मणी साध्या पाण्यात, दहा साखरेच्या दाट पाकात, बारा तास. आधी-नंतर वजन. साध्या पाण्यातले वजनाने वाढतात, एखाद-दुसरा तडकतोही. पाकातले घटतात, पण बटाट्यापेक्षा खूपच कमी. सालीच्या मेणाची करामत.

इथे हुशार मूल विचारतंच: मण्यात १८ टक्के साखर, तर बाहेर १८ टक्के साखरेचं पाणी ठेवलं की तोल साधेल ना? नाही साधणार. द्राक्षातली साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, डब्यातली सुक्रोज. सुक्रोजचा रेणू जवळपास दुप्पट वजनाचा, म्हणून तेवढ्याच ग्रॅममध्ये रेणू निम्मे. परासरणाला वजनाशी देणंघेणं नाही, ते कणांची संख्या मोजतं. मीठ तर पाण्यात सोडियम आणि क्लोराइड असं दुभंगतं, एकाचे दोन कण होतात. म्हणून एक टक्का मिठाचं पाणी आणि सुमारे अकरा टक्के साखरेचं पाणी यांची ओढ सारखीच असते. लोणच्याला मूठभर मीठ पुरतं आणि मुरंब्याला किलोच्या हिशेबात साखर लागते, त्यामागे हेही एक कारण आहे. या हिशेबाचा नियम व्हान्ट हॉफ यांनी बसवला. १९०१ चं, म्हणजे रसायनशास्त्राचं पहिलंच नोबेल त्यांना मिळालं.

घरी न दिसणारं: चढाने नेणं

आतापर्यंत सगळं उताराने चाललं होतं. पण आपल्या पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्या जवळपास तीसपट असतं आणि सोडियम बाहेर आतल्यापेक्षा दहापट. उताराने वाहू दिलं तर हा फरक मिटून जाईल. कालव्याचं पाणी वरच्या मळ्यात चढवायचं तर मोटार लावावी लागते आणि तिचं बिलही भरावं लागतं, तसाच प्रकार. पटलातला सोडियम-पोटॅशियम पंप एटीपीच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूच्या, एका रेणूच्या बदल्यात तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो. येन्स स्कौ यांनी तो खेकड्याच्या चेतातंतूंवर काम करताना १९५७ मध्ये शोधला. नोबेल मिळायला १९९७ उजाडलं.

या पंपाची कमाई दुसरे वाहक वापरतात, आणि त्यातला एक आपल्या औषधाच्या डब्यात आहे. लहान आतड्याच्या पेशींवर असं एक प्रथिन असतं, जे सोडियम आणि ग्लुकोज दोघं एकत्र आले तरच दोघांना आत घेतं. पंपाने पेशीतलं सोडियम कमी ठेवलेलं असतं, त्या उताराच्या जोरावर ग्लुकोजही आत येतं, आणि दोघांमागे पाणी येतं. जुलाबात नुसतं पाणी प्यायलं की फारसं टिकत नाही, मीठ-साखर घातलेलं टिकतं, ते यामुळे. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, डॉ. दिलीप महालनबीस यांनी सलाइन संपत आल्यावर हेच पाणी तोंडाने देऊन असंख्य जीव वाचवले.

ओआरएसचं पाकीट आणताना त्यावर एक लिटर लिहिलंय की २०० मिलिलिटर ते वाचा आणि पूर्ण पाकीट तेवढ्याच पाण्यात घाला. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चव लागत नाही म्हणून साखर वाढवू नका. जास्त गोड पाणी आतड्यात उलट शरीरातलं पाणी ओढून घेतं, आणि शीतपेयं जुलाबात नकोत ती त्याचसाठी. मीठ वाढवणं तर लहान मुलांना धोक्याचं. मूल मलूल पडलं असेल तर प्रयोग बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

फार मोठ्या गोष्टींना कुठलाच मार्ग पुरत नाही. तेव्हा पटल स्वतःच वळून त्यांना पिशवीत घेतं. पांढरी पेशी जीवाणूला गिळते ती अशी. स्वादुपिंडातून इन्सुलिन बाहेर पडतं ते याच्या उलट, पिशवी आतून येऊन पटलाला मिळते आणि उघडते.

शेवटची आवराआवर

दोन तास मिठात पडलेला बटाटा भाजीत घालू नका. मीठ मोजता येणार नाही आणि तुकडे काळे पडलेले असतील. बिटाचं पाणी फरशीवर सांडलं तर लगेच पुसा. सॅनिटायझरमधला तुकडा वेगळा टाका, मुलांच्या हाती लागू देऊ नका. आणि पाचही ग्लासांतलं पाणी मोरीत ओता, तुळशीच्या किंवा गुलाबाच्या कुंडीत नाही. साध्या पाण्याचा पहिला ग्लास चालेल. पाच टक्क्यांचा ओतलात, तर मुळांच्या पेशींचं काय होईल ते तुमच्या आलेखावरच लिहिलेलं आहे.